नळीचं मटण उशिरा का शिजतं?

उस्मानाबादी शेळी मूळची धाराशिवकडची. बहुतेक काळीभोर, मटणासाठी नावाजलेली. तिच्या नळीचं मटण चिवट, कारण सतत चालणाऱ्या पायांत कोलॅजन हे प्रथिन जास्त असतं. साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे ते हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन होतं. रश्शाला येणारा चिकटसर दाटपणा त्याचाच. धाराशिव शहर सुमारे ६५० मीटर उंचीवर, म्हणून पाणी इथे ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. कुकरमध्ये तापमान १२० अंशांजवळ जातं, वेळ वाचतो. (चुलीवरच्या अळणी पाण्याची सर मात्र त्याला नाही!) बटाटा घालणार असाल, तर चिंच-टोमॅटो नंतर घाला, आंबटात बटाटा लवकर शिजत नाही.