आधी गोठा, मग म्हैस : सुतारकामाची यंत्रे गावी आणताना



पुण्याच्या नारायण पेठेत एखाद्या जुन्या वाड्याच्या दरवाजातून आत गेलात, तर कुठे कुठे अजून लाकडाच्या भुशाचा वास येतो. पुढे अरुंद बोळ, बोळात नळ आणि मागच्या चौकात सुताराचा कारखाना. हे वाडे आता एकेक करून पडत आहेत आणि त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. इमारतीत माणसांना खोल्या मिळतात, करवतीला कोणी जागा देत नाही. मग जन्मभर शहरात काम केलेला सुतार गावाकडे पाहू लागतो.

माझ्या ओळखीच्या एका सुतार कुटुंबावर गेल्या उन्हाळ्यात हीच वेळ आली. गाव त्यांचे भोर तालुक्यातले. जवळ यंत्रे चार : पट्टी करवत, म्हणजे आपण बँडसॉ म्हणतो ती, रंधा मारण्याचे यंत्र, चक्री करवत, आणि पलंगाचे खूर, लाटणी कातण्याची लाकडाची लेथ. भंगारवाला दारात येऊन किलोच्या भावाने मागत होता. थोरला मुलगा म्हणाला, "बाबा, देऊन टाका. गावी गेल्यावर नवीन घेऊ." वहिनींना ते पटेना. मला म्हणाल्या, "भाऊजी, या रंध्यावर दोन मुलींची लग्नं झाली. तो किलोवर कसा द्यायचा?"

मी शेतीखात्यातला माणूस. पण तेलाची इंजिने, पिठाच्या गिरण्या, मळणीयंत्रे, उसाचे चरक हलवताना गावोगाव इतके पाहिले आहे की, त्यांनी मला बोलावले याचे मला नवल वाटले नाही. बिडाचे यंत्र ते बिडाचे यंत्र, त्यावर ऊस पिळा की लाकूड कापा. तेव्हा घरात करवत नसली तरी पुढचे वाचा.

आधी यंत्र नेण्याजोगे आहे का ते पाहा. मोटार जळाली असेल तर पुन्हा भरता येते, बेअरिंग बदलता येते, पट्टा नवा मिळतो. पण बिडाच्या बैठकीला तडा गेला असेल, तर विचार करा. बीड ठिसूळ असते आणि त्यावर केलेले वेल्डिंग भरवशाचे नसते. चुन्याची किंवा खडूची पूड चोळून पुसली की बारीक तडा रेघेसारखा दिसतो. आमच्या चारही यंत्रांच्या बैठका शाबूत होत्या. म्हणजे वहिनींचे म्हणणे नुसत्या मायेचे नव्हते, हिशेबाचेही होते.

मग मी त्यांना म्हटले, आता यंत्राला हात लावू नका, आधी गावी चला. म्हैस बाजारातून आणायची तर आपण गोठा, गव्हाण, कडबा आधी बघतो. यंत्राच्या बाबतीत मात्र माणसे आधी टेम्पो ठरवतात.

गावी गेल्यावर पहिलीच अडचण निघाली. शेड बांधायची ठरवली होती विहिरीजवळ, कारण तिथे शेतीपंपाची थ्री-फेज वीज होती. बंधूंनो, हे करू नका. शेतीपंपाच्या जोडावर करवत किंवा गिरणी चालवणे हा विजेचा अनधिकृत वापर होतो आणि 2003 च्या वीज कायद्याच्या 126 व्या कलमाप्रमाणे दुप्पट दराने आकारणी होते. शिवाय शेतीच्या वाहिनीवर थ्री-फेज वीज ठरलेल्या तासांपुरतीच, आणि पाळी आली की रात्री. रात्री पाणी पाजता येते, रात्री करवतीवर हात ठेवायचा का? शेड गावठाणाजवळच्या त्यांच्या जुन्या परड्यात घेतली आणि औद्योगिक जोडासाठी अर्ज केला. यात दिवस गेले. पण ते यंत्र पुण्यात उभे असताना गेले, गावात ताडपत्रीखाली गंजत असताना नाही.

दुसरी चौकशी वनखात्याच्या परिक्षेत्र कार्यालयात. ओंडके फाडणाऱ्या पट्टी करवतीला परवाना लागू शकतो, आणि यंत्राची जागा बदलली तर जुना कागद नव्या जागी चालेलच असे नाही. तयार फळ्यांवर काम करणाऱ्या सुताराची गोष्ट वेगळी असते. आपले यंत्र कशात बसते ते गाडी भरण्याआधी लेखी विचारून घ्यावे. ग्रामपंचायतीकडेही जावे, आणि शेड शेतजमिनीवर असेल तर तलाठ्याकडेही.

एवढा खटाटोप ऐकून आमचे सुतारमित्र कंटाळले. तेव्हा त्यांना मी किर्लोस्करांची गोष्ट सांगितली. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना आधी बेळगावात होता. तिथे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर होत. लोखंडाने जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी तो नांगर घ्यायला तयार नव्हते, ही गोष्ट तुमच्या आजोबांनी ऐकलेली असेल. पुढे तिथल्या नगरपालिकेला ती जागा हवी झाली आणि कारखान्याला उठावे लागले. त्या वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर जमीन दिली. निवडुंगाने भरलेला माळ होता तो. 1910 साली कारखाना तिथे आला आणि पुढे स्टेशनाचेच नाव किर्लोस्करवाडी झाले. जागा स्टेशनजवळची होती, हे लक्षात घ्या. जड माल आणायचा-न्यायचा तर रस्ता आधी.

नारायण पेठेलाही असे बिऱ्हाड नवे नाही. 1905 साली टिळकांनी इथला गायकवाड वाडा घेतला आणि 'केसरी' या वाड्यात आला. छापखाना म्हणजे खिळ्यांची शिशाची पेटीच पाहा, दोन माणसांना उचलत नाही.

या पेठेने आणखी एक शिकवण दिली आहे. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले आणि तळमजल्यांवर जे होते ते चिखलात गेले. म्हणून आमच्या मित्राच्या परड्यात मी आधी म्हाताऱ्या माणसांना विचारले, ओढ्याचे पाणी कुठवर चढल्याचे आठवते? त्यांनी बाभळीच्या बुंध्याकडे बोट दाखवले. जमीन त्याच्यावर दोन फूट उचलून घेतली. काँक्रीट सहा इंच, खाली प्लास्टिकचा कागद, म्हणजे ओल वर चढत नाही. बोल्टसाठी खड्डे ठेवले आणि काँक्रीटला पाणी मारत राहिलो. काँक्रीटला पुरी ताकद यायला 28 दिवस धरतात. यंत्र त्याआधी आणून बसवू नये.

आता उचलण्याचा दिवस. आदल्या दिवशी वायरींचे मोबाईलवर फोटो काढले, प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून खूण केली, मोटारी वेगळ्या केल्या. बँडसॉचे पाते ढिले करून, गुंडाळून बांधले. तिचे टेबल काढले, कारण दारात अडकते ते तेच. रंध्याची पाती काढून कापडात गुंडाळली आणि बिडाच्या घासलेल्या पृष्ठभागावर ग्रीस फासले. वहिनींनी बोल्ट-नटांसाठी जुन्या लुगड्याच्या पुरचुंड्या शिवल्या आणि प्रत्येकीवर यंत्राचे नाव लिहिले. हे काम कुठल्याही मिस्त्रीने इतके नीट केले नसते.

वजनाचा अंदाज घ्या. यंत्राच्या नामपट्टीवर नसेल तर असे धरा की भरीव बिडाचा एक घनफूट साधारण 200 किलोचा असतो. हे पाहिल्यावर कोणी यंत्र खांद्यावर घेण्याची भाषा करत नाही. जोर माणसांचा नको, पहारीचा हवा. पाच फुटी पहारीच्या टोकापासून तीन इंचांवर टेकू दिला तर हाताकडे 57 इंच राहतात, म्हणजे 19 पट. हातावर 30 किलोचा दाब दिला की पलीकडे पाचशे सत्तर किलो उचलायची ताकद येते, आणि तुम्हाला तर यंत्राची एकच बाजू उचलायची असते. एक बाजू दोन इंच उचला, खाली लाकडी ठोकळा सारा, मग दुसरी. ठोकळा सारताना बोटे खाली घालू नका, काठीने ढकला. मग खाली फळी, फळीखाली दोन इंची पाइपाचे तुकडे. निदान चार हवेत : मागचा सुटला की पुढे आणून लावायचा. वाड्याची फरशी उखडलेली होती, म्हणून खाली फळ्यांचा रस्ता केला. चौकातून दरवाजापर्यंत जायला सकाळ गेली. जाऊ द्यावी.

उंबऱ्यावर मात्र माझा जीव वर आला. बँडसॉ उंच, वरचे चाक जड, तिचा तोल वरच्या बाजूला असतो. पुढची फळी कडाडली आणि यंत्र कलले. मोठा मुलगा धरायला धावला. मी ओरडलो, "सोड, पडू दे!" तो मागे झाला, दोराने यंत्र सावरले, पडले नाही. पण पडले असते तरी मी तेच ओरडलो असतो. काही वर्षांपूर्वी विहिरीवरचे इंजिन ट्रॉलीतून उतरवताना एका तरुणाने घसरते इंजिन पायाने अडवलेले मी पाहिले आहे. इंजिनाचे एक कान तुटले, ते महिन्यात दुरुस्त झाले. तो पोरगा आजही काठी घेऊन चालतो. म्हणून काम सुरू होण्याआधी सगळ्यांना बजावून सांगा की, पडते यंत्र कोणी धरायचे नाही. एकच माणूस बोलेल, बाकीचे ऐकतील, आणि पाहणारी मुले वाड्याबाहेर राहतील.

गाडीत चढवताना लांब फळ्या वापरा. तीन फूट उंचीला बारा फुटी फळी लावली तर 600 किलोच्या यंत्राला दीडशे किलोची ओढ लागते, घर्षणाची वेगळी. हाताने ओढण्यापेक्षा चेन-पुली किंवा हाताचा विंच आणावा, भाड्याने मिळतो. फळीच्या खालच्या बाजूला कोणीही उभे राहू नये. शहरात जड गाड्यांना वेळेचे बंधन असते, ते आधी विचारून ठेवा. आम्ही भाड्याचा टेम्पो घेतला. शेतीसाठी नोंदलेली ट्रॅक्टर-ट्रॉली स्वस्त पडली असती, पण असा माल असताना अपघात झाला तर विमा कंपनी हरकत घेऊ शकते. यंत्राचा खालचा भाग ठोकळे ठोकून अडवला, दोर चारही दिशांना ताणला, कोपऱ्यांवर गोधड्या. कापूरहोळला थांबून दोर पुन्हा आवळले. घाटात ते ढिले होतातच. यंत्राशेजारी गाडीत कोणालाही बसू दिले नाही.

बसवताना दोन्ही अंगांनी पाणसळ लावा. यंत्र डगडगत असेल तर पायाखाली लोखंडी पाचर घ्या, नुसता बोल्ट आवळून बैठक वाकवू नका, बीड वाकत नाही, तडकते. शेवटचे म्हणजे फिरण्याची दिशा. थ्री-फेजच्या दोन तारा उलट लागल्या की मोटार उलटी फिरते. पाणबुडी पंप उलटा फिरला तर पाणी कमी येते एवढेच, चक्री करवत उलटी फिरली तर पात्याचा नट सुटू शकतो. म्हणून पाते आणि पट्टा न लावता आधी मोटार एकटी फिरवून पाहा. उलटी असेल तर वीज बंद करून तिन्हींपैकी कोणत्याही दोन तारा अदलाबदल करा. आमची उलटीच निघाली. अर्थिंगही त्याच दिवशी करून घेतले.

संध्याकाळी रंधा फिरला. आवाज ऐकून शेजारचे शेतकरी कोळप्याची मोडलेली दांडी घेऊन आले आणि दारातच बसले. वहिनींनी आधी चहा ठेवला, मग पुरचुंड्या मोजल्या. एक नट जास्त निघाला. तो कुठला हे आमचे मित्र अजून शोधत आहेत.