फळाच्या रंगात प्रकाशाचा वाटा

मंडईत टोमॅटो वा आंबे निवडताना पहिला कौल आपले डोळे देतात. लालबुंद ते पिकलेले, केशरी ते गोड, असा आपला साधा हिशेब असतो. तो पुष्कळदा बरोबर ठरतो, पण नेहमीच नाही. कारण फळाचा रंग केवळ पक्वतेतून येत नाही. फळावर पडलेल्या प्रकाशाचा आणि त्या प्रकाशाच्या रंगाचाही त्यात वाटा असतो. हा वाटा समजून घेतला, तर आपली निवड अधिक डोळस होईल.

तांबड्या प्रकाशाची किमया

हिरव्या टोमॅटोत हरितद्रव्याचे प्राबल्य असते. फळ पिकू लागताच ते विरत जाते आणि लायकोपीन हे तांबडे व बीटा-कॅरोटीन हे नारिंगी रंगद्रव्य साठू लागते. या बदलाची सूत्रे इथिलीन या वायूच्या हाती असतात आणि तो फळ स्वतःच निर्माण करते. म्हणूनच पूर्ण वाढलेला हिरवा टोमॅटो अंधाऱ्या खोक्यातही पिकतो. मात्र प्रकाश मिळाल्यास लायकोपीन अधिक साठते.

त्यातही तांबडा प्रकाश विशेष प्रभावी असतो. वनस्पतींच्या पेशींत फायटोक्रोम नावाचे प्रथिन असते. सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या तांबड्या प्रकाशाने ते कार्यशील होते. सुमारे ७३० नॅनोमीटरच्या, डोळ्यांना जेमतेम जाणवणाऱ्या अतितांबड्या प्रकाशाने पुन्हा निष्क्रिय होते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तोडलेल्या हिरव्या टोमॅटोंना थोडा वेळ तांबडा प्रकाश दिला असता लायकोपीन २.३ पट साठले. त्यापाठोपाठ अतितांबडा प्रकाश दिल्यावर हा परिणाम पुसला गेला. इथिलीनच्या निर्मितीत मात्र फरक पडला नाही.

यामागे निसर्गाची सुंदर योजना आहे. हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषून घेते व अतितांबडा पुढे जाऊ देते. त्यामुळे कच्च्या फळाच्या आत रंगनिर्मितीला आवर बसतो. हरितद्रव्य विरू लागले, की तांबडा प्रकाश आत पोहोचतो आणि रंग झपाट्याने चढतो.

गालावरची लाली

सफरचंदाची व आंब्याच्या खांद्यावरची लाली निराळी. ती अँथोसायनिन या रंगद्रव्याची असून मुख्यतः सालीतच तयार होते. तिला त्या जागी प्रत्यक्ष प्रकाश लागतो. निळा व अतिनील प्रकाश त्यासाठी विशेष परिणामकारक असतो. जपानमध्ये काही बागांत सफरचंदांना झाडावरच कागदी पिशव्या बांधतात आणि काढणीपूर्वी काही आठवडे त्या उतरवतात. मग फिकट सालीवर लाली वेगाने चढते. त्या वेळी सालीवर एखादे अक्षर चिकटवले, तर तेवढाच भाग फिका राहतो.

आंब्यावरची लाली फळाची कोणती बाजू उन्हाकडे होती, हे सांगते. गर गोड आहे की आंबट, हे सांगत नाही. हापूसचा गर तर पेंढ्याच्या आढीत, उजेडाविनाच केशरी होतो.

घरात काय करावे?

कच्चे टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवू नयेत. थंडीत पिकण्याची क्रिया खुंटते आणि चवही उणावते. पण त्यांना कडक उन्हातही ठेवू नये. तापमान ३० अंश सेल्सियसच्या वर गेले, की लायकोपीनची निर्मिती मंदावते. उन्हाळ्यातील टोमॅटो अनेकदा पिवळट-नारिंगी राहतात, ते यामुळेच. हवेशीर, उजेडाची, पण थेट ऊन नसलेली जागा उत्तम. टोमॅटो थोड्या तेलात शिजवल्यास त्यातील लायकोपीन शरीराला अधिक सहज मिळते. आंब्यातील बीटा-कॅरोटीनपासून शरीर 'अ' जीवनसत्त्व तयार करते.

रंगावरच्या आपल्या या भाबड्या विश्वासाचा गैरफायदाही घेतला जातो. कोवळा आंबा कॅल्शियम कार्बाइडने पिवळा करता येतो. त्या रसायनात आर्सेनिक व फॉस्फरसयुक्त अशुद्ध घटकांचा अंश असू शकतो. फळे पिकवण्यासाठी त्याचा वापर करण्यास अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनी मनाई केली आहे. इथिलीन वायूला मात्र दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत परवानगी आहे आणि तो फळाच्या स्वतःच्या वायूसारखाच असतो.

म्हणून दुकानातील रंगीत दिव्यांखाली फळ पारखू नका. ते बाहेर, दिवसाच्या उजेडात पाहा. देठाजवळचा सुगंध घ्या, अंगठ्याने हलकेच दाबून पाहा. साल पिवळीधमक, पण वास नाही आणि आत कडकपणा, असे फळ परत ठेवा. खाण्यापूर्वी प्रत्येक फळ वाहत्या पाण्याखाली नीट धुवा. मुलांना बाजारात सोबत नेत असाल, तर ही पारख त्यांनाही शिकवा.