मागून बसलेली गाडी

सकाळी आठला मी शटर वर करतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात त्या वेळी लेथ सुरू झालेले असतात. आज दारात इसुझूची व्ही-क्रॉस उभी होती. फोर बाय फोर पिकअप, दोन इंच उचललेली, वर घडीचा तंबू, हौद्यावर लोखंडी कॅनपी, मागे जाड पत्र्याचा बंपर. नाक वर आणि शेपूट खाली. मालक इचलकरंजीचे डॉक्टर. ते म्हणाले, “मामा, मागं ठोकळे घालून सरळ करून द्या. शनिवारी आंबोलीला निघायचंय.”

ठोकळा म्हणजे ॲक्सल आणि स्प्रिंगच्या पाट्याच्या मध्ये बसवायचा लोखंडी तुकडा. त्यानं गाडी तासाभरात वर येते, पण पाटा होता तसाच थकलेला राहतो. शिवाय ठोकळा जितका उंच, तितका ॲक्सलला पीळ मारायला वाव जास्त. मी त्यांना म्हटलं, “डॉक्टर, आधी तपासू, मग औषध.” ते पटकन कबूल झाले.

साडेआठला मोजमाप. चारही टायरची हवा सारखी केली, गाडी सपाट फरशीवर पुढेमागे ढकलली, बंपर दाबून झुलवली, म्हणजे पाटे आपल्या जागी येतात. मग हबच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावला. जमिनीपासून मोजलं तर टायरची झीज आणि हवा मापात घुसते, म्हणून नेहमी हबपासून. मागची उजवी बाजू पुढच्यापेक्षा अडीच सेंटिमीटर खाली निघाली, डावी चार. डावीकडे फ्रिज आणि दुसरी बॅटरी आहे, पण तेवढ्यानं दीड सेंटिमीटरचा फरक पडत नाही. डाव्या कमानीत, म्हणजे पाट्यांच्या संचात, काहीतरी तुटलंय असं तेव्हाच वाटलं.

साडेनऊला गाडी काट्यावर. ही पायरी बहुतेक जण टाळतात आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची हीच. उसाच्या जिल्ह्यात काट्याला तोटा नाही. आधी अख्खी गाडी, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची. आरसी बुकातल्या रिकाम्या वजनाशी ताडून पाहिलं तर वर चढवलेलं सामान सव्वादोनशे किलोच्या पुढे गेलेलं. मग मागच्या बंपरवरचे वीस-वीस लिटरचे पाण्याचे तीन कॅन उतरवून पुन्हा मोजलं. मागचं वजन उतरलंच, पण पुढच्या चाकांवरचं वीस किलोनं वाढलं! डॉक्टर दोनदा आकडा वाचत राहिले. मागच्या ॲक्सलच्याही मागे टांगलेलं ओझं तरफेसारखं पुढची चाकं उचलतं. स्टिअरिंग हलकं लागतं, ओल्या घाटात पुढची पकड कमी होते, आणि हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. गाडी मागून बसणं हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही, हे काट्याइतकं स्वच्छ मी कुणाला सांगू शकलेलो नाही.

अकरापर्यंत कमानी खाली. चासी स्टँडवर, ॲक्सलखाली जॅक, शॉकअपचे खालचे बोल्ट मोकळे, ब्रेकचा होज ताणला जात नाही ना ते पाहिलं. कमान ॲक्सलला बांधणारे जुने यू-बोल्ट ग्राइंडरनं कापून टाकले. एकदा ताणून आवळलेला यू-बोल्ट मी पुन्हा वापरत नाही. पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट काढताना हाताखालच्या पोरांना लांब उभं करतो आणि कमान दोन क्लॅम्पमध्ये धरतो, कारण दाबून ठेवलेले पाटे सुटले की हात मोडतो.

पाटे फरशीवर मांडले. दोन्ही बाजूंचे मेन पाटे एकामागून एक ठेवून खडूनं त्यांची कमान आखली. डाव्याची कमान सपाट झालेली दिसली. आणि कारणही सापडलं. उंची वाढवताना आधी कुणीतरी एक आखूड, जाड पाटा आत सरकवला होता. दुसऱ्या पाट्याला, त्या आखूड पाट्याचं टोक जिथं संपतं नेमकं तिथंच, केसाएवढी चीर. आखूड जाड पाटा मध्यभाग ताठ करतो आणि सगळं वाकणं त्याच्या टोकापाशी गोळा होतं. पाट्याच्या टोकांखालचे लायनरही झिजून गेले होते.

जाडीचं गणित गिऱ्हाइकाला सांगावंच लागतं. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. सात मिलिमीटरच्या जागी आठचा पाटा घातला तर तो जवळजवळ दीडपट कडक होतो. उलट पाच पाट्यांत त्याच जाडीचा, पूर्ण लांबीचा सहावा घातला, तर कमान साधारण एकपंचमांशानं कडक होते. कायम अंगावर असलेल्या सव्वादोनशे किलोंना हाच उपाय योग्य. ओझं कधी असतं कधी नसतं अशा गाडीला मी हवेची पिशवी सुचवतो, तीही बेतानं. ती चासीच्या मधल्या एका ठिकाणी जोर देते, आणि जड कॅराव्हॅन ओढणाऱ्या ऑस्ट्रेलियातल्या पिकअपच्या चासी तिथंच वाकल्याची उदाहरणं आहेत.

चिरलेला पाटा बाद केला. दोन्ही बाजूंना जोडीनं नवे घातले, कारण एकाच बाजूला नवा पाटा घातला की गाडी तिरकी राहते. बाकीच्यांना कमान द्यायची होती ती थंड, प्रेसवर, थोड्या थोड्या अंतरावर दाबत, खडूच्या रेषेशी जुळवत. भट्टीत लाल करून वाकवलेला पाटा मी घेत नाही आणि देत नाही. कारखान्यात पाटा तापवून तेलात विझवतात, मग पुन्हा ठरावीक तपमानाला तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. नुसता लाल करून वाऱ्यावर थंड केला की ते सगळं पाणी उतरतं आणि थोड्याच दिवसांत गाडी पुन्हा बसते.

एकला डबा. दोनला दुधाच्या कॅनची पिकअप आली. ड्रायव्हर म्हणाला, “मिस्त्री, पाटं नवं घातलं आनी ब्रेक गेला बगा.” ब्रेक गेला नव्हता. मागच्या ॲक्सलला दांडीनं जोडलेला लोड सेन्सिंग वॉल्व्ह असतो. मागची उंची पाहून तो मागच्या ब्रेकला दाब देतो. नव्या पाट्यांनी गाडी उंच झाली आणि वॉल्व्हनं भरलेली गाडीही रिकामी समजून मागचा दाब कमी केला. दांडी नव्या उंचीला लावून दिली, वीस मिनिटांचं काम. पाटे बदलणाऱ्या प्रत्येकानं ही दांडी पाहायलाच हवी. भरल्या गाडीला मागचा ब्रेक कमी मिळणं जीवावर बेतू शकतं.

तीनला पुन्हा व्ही-क्रॉस. पाट्यांमध्ये ग्राफाइट ग्रीस, नवे लायनर, नवे बुश, नवे यू-बोल्ट चौकडीनं थोडे थोडे आवळत, शेवटी टॉर्क पान्यानं. शॅकलचे आणि पाट्याच्या पुढच्या डोळ्याचे बोल्ट मात्र ढिले ठेवले. गाडी चाकांवर उतरवली, पूर्ण वजन घेऊ दिलं, मग ते आवळले. हवेत लटकत्या गाडीचे बुश आवळले की गाडी खाली येताना रबर पिळलं जातं आणि लवकर फाटतं.

पाचला टेप. दोन्ही बाजू सारख्या, आणि मागची उंची पुढच्यापेक्षा दीड सेंटिमीटर जास्त. डॉक्टरांचा चेहरा पडला. त्यांना एका रेषेत हवी होती. मी त्यांना आणि तिघा पोरांना आत बसवलं, पाण्याचे कॅन चढवले आणि पुन्हा टेप लावला. गाडी एका रेषेत. पिकअप प्रवासाच्या ओझ्यासकट सरळ दिसली पाहिजे. दारात उभी असताना सरळ असेल तर रस्त्यावर ती बसलेलीच असणार.

सहाला पन्हाळ्याच्या रस्त्यावर फेरी. मागची उंची बदलली की प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि साठ-ऐंशीच्या वेगात थरथर येऊ शकते. आली तर पाट्याखाली पाचर देऊन कोन सुधारावा लागतो. आज आली नाही. परत येऊन भिंतीवर झोत पाडून हेडलाइट खाली घेतले, आणि अलाइनमेंटची चिठ्ठी हातात दिली.

जाताना डॉक्टरांना दोन गोष्टी सांगितल्या. मागच्या बंपरवरचं पाणी हौद्यात, केबिनला टेकून ठेवा. आणि उंचीतल्या बदलाबद्दल आरटीओत व विमा कंपनीत विचारून घ्या. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दलच आहे.

तुम्हीही पाटे कुठेही बसवून घेतले असतील, तर पाचशे किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या. नवे पाटे एकमेकांवर बसतात आणि बोल्ट ढिले पडतात. ढिल्या बोल्टांत आधी सेंटर बोल्ट तुटतो, आणि मग ॲक्सल जागेवरून सरकतो.