झाकलेले ते सुरक्षित नव्हे

उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलाला २०२३ च्या ऑगस्ट महिन्यात एका नागरिकाने तेथील माहिती स्वातंत्र्याच्या कायद्यान्वये एक अगदी साधा प्रश्न विचारला होता. कोणत्या हुद्द्यावर किती अधिकारी आणि कोणत्या श्रेणीत किती कर्मचारी आहेत, एवढेच त्याला हवे होते. ८ ऑगस्ट रोजी उत्तरादाखल आकड्यांचा एक तक्ता संकेतस्थळावर प्रसिद्ध करण्यात आला. परंतु ज्या फाइलमध्ये तो तक्ता होता, तिच्यात दृष्टीआड राहिलेले आणखी एक पान होते आणि त्या पानावर दलातील सर्व ९,४८३ अधिकारी-कर्मचाऱ्यांची आडनावे, आद्याक्षरे आणि हुद्दे नोंदलेले होते. काही तासांतच ती फाइल काढून घेण्यात आली. तथापि तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. ज्या प्रदेशात पोलिसाला आपली नोकरी शेजाऱ्यांपासूनही लपवावी लागते, जेथे त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत ओमा शहरात एका वरिष्ठ तपास अधिकाऱ्यावर गोळ्या झाडण्यात आल्या होत्या, तेथे ही यादी सशस्त्र गटांच्या हाती पडल्याचे खुद्द पोलीस प्रमुखांनाच मान्य करावे लागले. पुढील महिन्यात त्यांनी राजीनामा दिला.

ही घटना केवळ एका कारकुनाच्या हातून झालेली चूक म्हणून विसरता येण्याजोगी नाही. आज बँका, विमा कंपन्या, रुग्णालये, विद्यापीठे आणि सरकारी खाती यांच्या निर्णयांचा आधार ज्याला 'बिझनेस इंटेलिजन्स' म्हणतात त्या अहवाल-व्यवस्थेवर असतो. १९५८ साली आय.बी.एम. कंपनीतील संशोधक हान्स पीटर लून यांनी या नावाचा निबंध लिहिला, तेव्हा ती एक कल्पना होती. आज ती प्रत्येक मोठ्या कचेरीतील नित्याची बाब झाली आहे. तळाशी लक्षावधी नोंदींचे कोठार, त्यावर त्या नोंदींची सांगड घालणारी एक मांडणी आणि सर्वांत वर संगणकाच्या पडद्यावर दिसणारे आलेख व बेरजा, असे तिचे ढोबळ स्वरूप असते. पाहणाऱ्याला बेरीज दिसते; परंतु ती बेरीज ज्या व्यक्तींची असते, त्या व्यक्ती कोठारातून नाहीशा झालेल्या नसतात. प्रश्न उद्भवतो तो येथेच.

हा प्रश्न आपल्या परिचयाच्या जागी मांडून पाहू. समजा, एखाद्या महाविद्यालयाने निकालाचा अहवाल तयार केला. प्राचार्यांनी सर्व विभाग पाहावेत, विभागप्रमुखाने आपलाच विभाग पाहावा, आणि विद्यार्थ्यांची जात व पालकांचे उत्पन्न ही माहिती शिष्यवृत्ती पाहणाऱ्या लिपिकाखेरीज कोणालाही दिसू नये, अशी अपेक्षा आहे. ती पुरी करण्याचे दोन मार्ग संभवतात. पहिला मार्ग म्हणजे नको असलेले रकाने लपवणे आणि ज्याला जे दाखवायचे तेवढेच पान त्याच्यासमोर ठेवणे. दुसरा मार्ग म्हणजे मूळ नोंदींवरच असा नियम बसवणे की, विचारणारा कोण आहे हे पाहूनच संगणकाने त्याच्या अधिकारातील ओळी त्याला द्याव्यात. पडद्यावर या दोहोंचे फलित एकसारखेच दिसते. परंतु पहिल्यात माहिती वाचकाच्या हाती पोहोचलेली असते, फक्त तिच्यावर कापड टाकलेले असते. दुसऱ्यात ती कोठाराबाहेर पडतच नाही. लपवलेला रकाना पुन्हा उघडावयास विशेष ज्ञान लागत नाही, दोनचार कळा दाबणे पुरेसे असते.

दुसऱ्या मार्गाला लागणारे ज्ञान नवे आहे असेही नाही. कोणाला कोणता तक्ता वाचू द्यावा आणि तो अधिकार परत कसा घ्यावा, याची पद्धत १९७० च्या दशकातच संशोधकांनी सिद्ध केली होती. ओळनिहाय निर्बंधांची सोय ऑरॅकलच्या कोठारात १९९९ पासून आहे. मायक्रोसॉफ्टच्या 'पॉवर बीआय' या आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या साधनातही ती आहे; मात्र तेथे एक मेख आहे. हा निर्बंध केवळ अहवाल पाहणाऱ्यांना लागू होतो. ज्यांना अहवालात बदल करण्याचा अधिकार दिला आहे, त्यांना तो अडवीत नाही. आणि आपल्या कचेऱ्यांत काम अडू नये म्हणून सर्वांनाच बदलाचा अधिकार देऊन टाकण्याची वृत्ती किती बळावलेली आहे, हे वाचकांना निराळे सांगावयास नको.

निव्वळ बेरजाच दिल्या म्हणजे धोका टळला, हाही एक गोड गैरसमज आहे. दहा प्राध्यापकांचे सरासरी वेतन १,२०,००० रुपये आणि त्यांपैकी नऊ जणांचे सरासरी वेतन १,१८,००० रुपये, अशा दोन निरुपद्रवी वाटणाऱ्या सरासऱ्या कोणी मागितल्या, तर बारा लाखांतून १०,६२,००० वजा करून दहाव्या प्राध्यापकाचे वेतन १,३८,००० रुपये आहे हे शाळकरी मुलगाही सांगू शकेल. यास्तव फार लहान गटांचे आकडे मुळातच न देण्याची शिस्त सांख्यिकी खाती पाळतात. मनाजोगत्या चाळण्या लावून हवा तो गट क्षणात निवडू देणाऱ्या आजच्या अहवालांत ही शिस्त अधिकच आवश्यक आहे.

मग उपाय ठाऊक असताना तो योजला का जात नाही? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला याचे उत्तर परिचित वाटेल. कारखान्याचा मालक धूर सोडतो आणि खोकला वस्तीला लागतो, तसाच हा प्रकार आहे. निर्बंध बसवण्याचे श्रम वाचतात ते संस्थेचे; माहिती फुटल्यावर किंमत मोजतो तो ज्याची माहिती आहे तो. उत्तर आयर्लंडमध्ये काहींना घरे बदलावी लागली, काहींनी आप्तांशी संबंध तोडले. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी २०२४ साली पोलीस दलाला साडेसात लाख पौंडांचा दंड ठोठावला. दल सार्वजनिक नसते तर तो ५६ लाख पौंड झाला असता. परंतु हा दंडही अखेर सरकारी तिजोरीतूनच भरावयाचा, आणि ज्यांची झोप उडाली त्यांचे नुकसान तेवढ्याने भरून निघत नाही.

म्हणूनच संस्थेच्या सद्भावनेवर विसंबण्याऐवजी साधनाची मूळ घडणच बदलावयास हवी. परवानगी स्पष्टपणे दिली नसेल तर दार बंदच असावे, हे तत्त्व सॉल्ट्झर आणि श्रोडर या संशोधकांनी १९७५ सालीच मांडले होते. ते डावलल्यास काय होते, हे २०२१ साली दिसले. मायक्रोसॉफ्टच्या 'पॉवर अ‍ॅप्स' या साधनात तक्त्यांवरील निर्बंध आपण होऊन चालू होत नसत; परिणामी ४७ संस्थांच्या मिळून ३ कोटी ८० लाख नोंदी उघड्यावर पडल्याचे आढळले. त्यानंतर कंपनीने मूळ मांडणी उलटी केली. जे हजारो कचेऱ्यांना उपदेश करून साधले नसते, ते त्या एका बदलाने बव्हंशी साधले.

आपल्याकडे २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा संमत झाला. सुरक्षेत हयगय करणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे आणि ती स्वागतार्हच म्हटली पाहिजे. परंतु त्याच कायद्याने २००५ च्या माहिती अधिकार कायद्यातील वैयक्तिक माहितीविषयीच्या कलमातही दुरुस्ती केली आणि त्यामुळे माहिती नाकारणे सोपे होईल, अशी टीका झाली आहे. ही भीती अनाठायी नाही. आपल्या कोठारातून काय बाहेर जाईल याची ज्या कचेरीला खात्री नसते, ती कचेरी सर्वच काही नाकारण्याचा सुरक्षित मार्ग पत्करते.

वस्तुतः त्या नागरिकाचा प्रश्न रास्त होता आणि त्याला उत्तर मिळावयासच हवे होते. माहितीवरील अधिकार मूळ नोंदींपाशीच ठरलेले असते, तर तेच उत्तर कोणाच्याही जिवाला घोर न लावता देता आले असते. सुरक्षितता आणि खुलेपणा हे परस्परांचे वैरी मानण्याची प्रथा आहे. अनुभव मात्र असा की, पहिल्या गोष्टीची नीट तजवीज केल्यावाचून दुसरी फार काळ टिकत नाही. आपण दररोज ज्या अर्जांवर आपले उत्पन्न, आपली जात आणि आपला आजार लिहून देतो, ते कोणत्या अहवालात उतरतात आणि तो अहवाल कोण उघडू शकतो, हा प्रश्न आपापल्या कचेरीत व महाविद्यालयात विचारण्यास कोणत्याही तंत्रज्ञाच्या पदवीची गरज नाही.