हात द्या, पण काम काढून घेऊ नका

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक चालू असताना एक ताई मध्येच उठल्या. सासूबाईंच्या अंघोळीची वेळ झाली होती. मग आणखी दोघी-तिघी बोलत्या झाल्या. कुणाच्या घरी सासरे, कुणाकडे आई. त्या दिवशी हप्ते गोळा झाल्यावर आम्ही घरातल्या थकलेल्या माणसांबद्दलच बोललो. त्यातलं कामाचं तेवढं आज तुम्हाला सांगतो.

त्या ताईंच्या सासूबाईंनी दुपारनंतर पाणी पिणंच सोडलं होतं. तहान लागत नसेल, असं घरच्यांना वाटलं. एका सकाळी चक्कर येऊन त्या भिंतीला धरून खाली बसल्या, तेव्हा खरं काय ते कळलं. "रात्री लघवीला जायचं तर सुनेला उठवावं लागतं. ती दिवसभर राबते," असं त्या म्हणाल्या.

पाणी कमी पडलं की बद्धकोष्ठता होते, लघवीला जळजळ होते, चक्कर येते. म्हणून डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं नसेल, तर सकाळपासून थोडं थोडं पाणी, ताक, पेज देत राहा. झोपण्याआधी तेवढं कमी करा. रात्री बारीक दिवा चालू ठेवा आणि खाटेजवळ कमोडची खुर्ची ठेवा. त्या ताईंनी एवढंच केलं. आता सासूबाई बहुतेक रात्री स्वतःच निभावतात आणि पाणीही मागून पितात.

आपलं ओझं होतंय, ही बोच या माणसांच्या मनात असते. त्यांना जमतं तेवढं त्यांना करू द्या. वेळ लागेल, पण हातपाय चालते राहतील. आपण घाईने सगळं उरकलं, तर जमणारंही हळूहळू जमेनासं होतं.

झोपेतून उठवताना एकदम उभं करू नका. आधी कुशीवर वळवा, पाय खाली सोडून दोन मिनिटं बसवा, मग उभं करा. एकदम उठलं की रक्तदाब उतरून तोल जातो. दंडाला धरून ओढू नका, खांदा दुखावतो. कमरेला आधार द्या. अर्धांगवायू झाला असेल, तर लुळ्या बाजूला उभ्या राहा. कपडे घालताना आधी लुळा हात बाहीत घाला, काढताना आधी चांगला हात मोकळा करा.

अंघोळीला पाटाऐवजी न हलणारी खुर्ची ठेवा. न्हाणीतलं शेवाळ घासून काढा. पाणी आपल्या हाताने बघून मगच अंगावर घाला. मधुमेहामुळे पायांना चटका जाणवत नाही. तोंड, छाती, हात त्यांना चोळू द्या, पाठ आणि पाय आपण चोळावेत. पडदा लावायला विसरू नका. वय झालं म्हणून लाज जात नाही.

जेवताना ताठ बसवा, घास लहान द्या आणि नंतर अर्धा तास आडवं करू नका. पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल, तर डॉक्टरांना सांगा.

जे अंथरुणाला खिळले आहेत, त्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदला. टाचा, कंबर, माकडहाड रोज बघा. लाल डाग दाबूनही फिका होत नसेल, तर जखमेची सुरुवात समजा. तिथे चोळू नका, भार काढा आणि आशाताईंना दाखवा. माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागला, तर 'म्हातारपण आहे' म्हणून सोडू नका. ताप किंवा लघवीचा संसर्गही असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि सांभाळणाऱ्या बाईचं काय? आमच्या गटाने पाळी लावली आहे. आठवड्यातली एक दुपार दुसरी मैत्रीण त्या घरी बसते, म्हणजे घरातलीला बाजार करता येतो, नाहीतर नुसतं झोपता येतं. घरातल्या मुलांनी आणि पुरुषांनीही एकेक काम अंगावर घ्यावं. ज्येष्ठांसाठी 14567 ही मोफत हेल्पलाइन आहे. हा नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

आज घरी गेल्यावर एवढं करा. आजींच्या शेजारी बसा आणि विचारा, "रात्री उठायचा संकोच वाटतो का?" उत्तर आलं नाही, तर पाण्याचा तांब्या बघा. तो भरलेलाच असेल, तर समजून घ्या.