वाघाचं पथ्यपाणी

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात इरास्मस वैद्यकीय केंद्र आहे. २००४ साली तिथल्या शास्त्रज्ञांनी व्हिएतनाममधल्या एका दगावलेल्या रुग्णाकडून मिळालेला बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू मांजरांना दिला. मांजरं आजारी पडली. काहींना बाधित कोंबडीची पिल्लं खाऊ घातली. तीही आजारी पडली. सोबत ठेवलेल्या निरोगी मांजरांनाही लागण झाली. मार्जारकुळाला फ्लू बाधत नाही, हा समज तिथे संपला.

थायलंडमध्ये या समजाची किंमत आधीच मोजली जात होती. डिसेंबर २००३ मध्ये सुफन बुरीच्या प्राणिसंग्रहालयात कोंबडीचं कच्चं मांस खाल्लेले दोन वाघ आणि दोन बिबटे मेले. ऑक्टोबर २००४ मध्ये सी राचा इथे ४४१ पैकी १४७ वाघ गेले. काही रोगाने, तर काहींना साथ थोपवण्यासाठी मारावं लागलं.

डिसेंबर २०२४ मध्ये ही आपत्ती आपल्या दारात आली. नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे गेले आणि नववर्षाच्या सुरुवातीलाच एच५एन१चं निदान झालं. संशय पुन्हा कोंबडीच्या मांसावरच होता. माणसांशी संघर्ष झाला म्हणून हे वाघ चंद्रपूरहून आणले होते. जंगलात शिकार वाघ स्वतः निवडतो. पिंजऱ्यात मात्र माणूस देईल तेच त्याला खावं लागतं. त्यामुळे त्या घासाची जबाबदारी पूर्णपणे आपली असते.

बंदिस्त वाघ-बिबट्यांच्या उपचारांचं नाव काढलं, की डोळ्यांसमोर भुलीची बंदूक येते. ती लागतेच, पण भूल देणं जोखमीचं असतं. प्राणी आदल्या दिवसापासून उपाशी ठेवावा लागतो, नाहीतर उलटी श्वासनलिकेत जाण्याची भीती. केटामाइन आणि झायलाझिन ही नेहमीची जोडी. भुलीत पापण्या मिटत नाहीत, म्हणून डोळ्यांत मलम घालून वर फडकं टाकतात. एक मदतनीस श्वास मोजतो, दुसरा तापमापीवर नजर ठेवतो, तिसरा सलाइन धरतो. अंग तापलं तर पाणी शिंपडायचं. झायलाझिनचा अंमल उतरवणारं औषध आहे, केटामाइनचा उतरवणारं नाही. म्हणून उठवण्याची वेळही जोखूनच ठरवावी लागते.

यातलं बरंचसं टाळता येतं, ते कीपरच्या सवयीमुळे. आज मांस किती उरलं, पाणी किती प्यायला, लघवी कशी आहे, मागचा पाय टाकताना अडखळतो का, याची रोज नोंद ठेवली, तर आजार लवकर पकडता येतो. उतारवयातल्या मार्जारांना मूत्रपिंडाचे विकार आणि संधिवात हमखास गाठतात. दोन्हींची सुरुवात अशा बारीक खुणांनीच होते. अनेक प्राणिसंग्रहालयांत वाघ-सिंहांना जाळीला अंग टेकवायला आणि फटीतून शेपटी बाहेर सोडायला शिकवतात. मांसाच्या तुकड्याच्या मोबदल्यात प्राणी शांत उभा राहतो आणि शेपटीच्या शिरेतून रक्त घेता येतं. भुलीची गरजच उरत नाही. हे शिकवायला कित्येक महिने लागतात आणि त्यासाठी माणूस तोच असावा लागतो. रोज बदलणाऱ्या रोजंदारी कामगाराकडून ते होणार नाही.

या माणसांच्या जिवाचाही विचार हवा. २००३ साली नेदरलँड्समध्ये बर्ड फ्लूची एच७एन७ साथ आली. सुमारे तीन कोटी कोंबड्या माराव्या लागल्या, ८९ माणसांना लागण झाली आणि एका पशुवैद्यकाचा जीव गेला. आजारी प्राण्याजवळ जाणाऱ्याला मास्क, हातमोजे आणि नियमित तपासणी मिळणं हा त्याचा हक्क आहे.

महाराष्ट्रात जुन्नरच्या माणिकडोहपासून गोरेवाड्यापर्यंत, पकडलेल्या बिबट्या-वाघांची उरलेली वर्षं बचाव केंद्रांत जातात. बिबट्या पकडला, ही बातमी आपण सुटकेचा निःश्वास टाकत वाचतो. त्याचा सांभाळ मात्र तिथून पुढे सुरू होतो. साथीच्या काळात कोंबडीचं मांस बंद ठेवणं, पुरवठादाराकडचं मांस तपासून घेणं, नव्या प्राण्याला काही काळ वेगळं ठेवणं आणि कायमस्वरूपी, प्रशिक्षित कीपर नेमणं या चार गोष्टी आपल्या आवाक्यातल्या आहेत. रॉटरडॅमच्या प्रयोगाला वीस वर्षं होऊन गेली. वाघाचं जंगल आपण काढून घेतलं असेल, तर त्याला निर्धोक घास तरी द्यायलाच हवा.