घरी सांगू नका!

होळी सरली की जुन्नर-आंबेगावात यात्रांचे दिवस येतात. कुकडी आणि घोडच्या काठचे एकेक गाव आपली तिथी धरते. सकाळी मांडवडहाळे, दुपारी कुस्त्यांचा आखाडा, रात्री तमाशा. आखाड्यात आधी उतरतात ती ८ ते १२ वर्षांची पोरे. त्यांच्या कुस्त्या रेवड्यांवर नाहीतर नारळावर लागतात.

बँकेत जन्म घालवलेला माणूस म्हणून एका वर्षी गावाने इनामाची वही माझ्याकडे सोपवली. एक पोरगा कुस्ती मारून आला आणि नारळासाठी त्याने डावा हात पुढे केला.

"अरे, इनाम उजव्या हाताने घ्यावे," मी दटावले.

उजवा हात वर येईना. कोपर सुजून टरारले होते. "आजोबा, घरी सांगू नका," तो हळूच म्हणाला, "तालीम बंद करतील."

तोवर कुणीतरी तेलाची वाटी घेऊन आलेच. "चोळून देतो, उद्या खडखडीत!" मी आडवा आलो. कारण माझे स्वतःचे डावे कोपर आजही पुरते सरळ होत नाही. दहाव्या वर्षी कबड्डीत ते दुखावले आणि घरच्यांनी मायेपोटी आठवडाभर चोळले. मी उपरण्याची झोळी करून पोराचा हात गळ्यात बांधला आणि त्याच्या वडिलांना घेऊन मंचर गाठले. एक्स-रेमध्ये हाड मोडलेले निघाले.

मुलांच्या लांब हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते. मुली साधारण १३ ते १५ आणि मुलगे १५ ते १७ वर्षांचे होईपर्यंत ती कच्चीच असते. ज्या हिसक्याने थोराचा हात नुसता मुरगळतो, त्याच हिसक्याने पोराची ही कूर्चा तुटू शकते. मग हाडाची वाढ खुंटते किंवा वाकडी होते. त्यात दुखावलेले कोपर चोळले, तर स्नायूतच हाड धरून सांधा आखडण्याची भीती. तेव्हा हात हलवू नये, आधाराला बांधावा, कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावावा आणि दवाखाना गाठावा. डोक्याला मार लागला, तर पोर कितीही 'बरा आहे' म्हणो, त्या दिवशीचा खेळ संपला.

२०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगटचा गुडघा दुखावला. तिला स्ट्रेचरवरून नेताना साऱ्या जगाने पाहिले. यात्रेतले पोर मात्र दुखणे सदऱ्याच्या बाहीत लपवून घरी जाते, कारण दुखले म्हटले की खेळ बंद, हाच आपल्याकडचा न्याय. खेळ बंद करू नये. पण सांगितल्याबद्दल पोराला शिक्षा होणार नाही, एवढा विश्वास त्याला द्यावा.

पुढच्या यात्रेत मी वहीत नाव, गाव, इनाम यांच्या शेजारी आणखी दोन रकाने आखले : वय आणि दुखापत. कमिटीतले लोक हसले. संध्याकाळी वही वाचून दाखवली, तेव्हा नावांपुढची वये ऐकून कोणी हसले नाही.